सामना संपल्यावरचं अपील

थंडी पडायला लागली की कॅलेंडरच्या आधी माझे गुडघे मला सांगतात. दिवाळीचे कंदील उतरतात, बाजारात भरताची वांगी दिसू लागतात, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळतात आणि खानदेशातल्या शाळांच्या मैदानांवर फक्की पडायला लागते. चुन्याच्या पांढऱ्या रेघा. चौकोन एका कोपऱ्यावर उभा केला की झाला सॉफ्टबॉलचा डायमंड. पंचवीस वर्षं मी त्या चौकोनाच्या खालच्या टोकाशी, चेंडू झेलायला बसणाऱ्या कॅचरच्या मागे, कमरेत वाकून उभा राहिलो. आता वाकवत नाही. खरं सांगायचं तर उभं राहायचीही हौस उरलेली नाही. तरी हंगाम आला की कुणाला ना कुणाला माझी आठवण होते.

यंदा जळगावहून पत्र आलं. नव्या पंचांसाठी दोन दिवसांचं शिबिर आहे, तेव्हा 'अपील आणि अडथळा' या प्रकरणावर सरांनीच बोलावं. पत्र वाचून मी चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. बायकोनं विचारलं, "काय म्हणतात?" म्हटलं, "म्हणतात, या विषयात तुमचा हातखंडा आहे." ती म्हणाली, "मग जा की. नाहीतरी घरात तुमच्याकडे कोण अपील करतंय? तुम्ही कधी हो म्हणत नाही, कधी नाही म्हणत नाही." ती थट्टेनं म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. तिचं म्हणणं मात्र खरं होतं.

दोन्ही नियम तसे सोपे. अडथळा म्हणजे ज्याचा त्या क्षणी अधिकार नाही त्यानं मध्ये येणं. धावणारी मुलगी चेंडू झेलणारीच्या अंगावर गेली, आऊट झालेली बाजूला सरली नाही, प्रेक्षकानं चेंडूला हात लावला, की पंचानं हात वर करून खेळ थांबवायचा आणि निकाल द्यायचा. कुणी मागण्याची वाट पाहायची नाही. अपीलचं उलट. धावणारीनं बेसला, म्हणजे वाटेतल्या कोपऱ्याला, किंवा प्लेटला, म्हणजे जिथे धाव पुरी होते त्या खालच्या कोपऱ्याला, पाय न लावताच पुढचा रस्ता धरला, तर पंचानं ते पाहिलं तरी गप्प राहायचं. समोरच्या संघाच्या ध्यानात आलं आणि त्यांनी चेंडू हातात घेऊन तसं सांगितलं, तरच आऊट. नाही सांगितलं तर धाव खरी. आणि हे सामन्याच्या शेवटच्या चेंडूवर घडलं तर मुदत फार थोडी. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांपैकी आतल्या, म्हणजे चौकोनाजवळच्या, खेळाडू रेघ ओलांडून मैदानाबाहेर आल्या की हक्क संपला. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं. वर बाळानं कधीपर्यंत रडायचं, यालाही नियम आहे.

मला आठवतो तो हंगाम मोठ्या दुष्काळानंतरचा. दोन पावसाळे बरे गेले होते. विहिरींना पाणी आलं होतं, केळी पुन्हा उभ्या राहिल्या होत्या आणि लोकांच्या अंगात जरा उत्साह शिरला होता. त्यातच हा नवा खेळ आला. क्रिकेट नव्हे, लगोरी नव्हे, पण दोन्हींची आठवण करून देणारा. गावोगावचे ड्रिल मास्तर माझ्यासारखेच बावरलेले होते. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, तेही दोन जिल्ह्यांत मिळून एकच, आणि ते माझ्याकडे. हातमोजे महाग म्हणून नऊच असायचे. एका संघाची क्षेत्ररक्षणाची पाळी संपली की पोरी मोजे जिथल्या तिथे मातीत टाकून यायच्या आणि दुसऱ्या संघाच्या पोरी जाऊन तेच हातात घालायच्या. आत घामानं ओले असायचे, कडेला कापसाचे पुंजके चिकटलेले असायचे. प्लेट म्हणजे पांढरा रंग दिलेली लाकडाची फळी. चार सामन्यांत तिचा रंग उडायचा आणि माती नि फळी एक दिसायची. मी खिशात एक छोटा ब्रश ठेवायचो, दर दोन-तीन चेंडूंनी वाकून ती फळी झाडायचो. पोरी हसायच्या, म्हणायच्या, सरांना घरी केर काढू देत नाहीत वाटतं.

त्याच हंगामात नरडाण्याला एक सामना झाला. शेवटची इनिंग, बरोबरीचे गुण. एका मुलीनं चेंडू लांब मारला. तो घरंगळत मैदानाच्या कडेला ऊन खात बसलेल्या एका आबांच्या पायाशी गेला. आबांनी तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि सावकाश चालत येऊन अगदी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातात दिला. मी हात वर करून खेळ थांबवला. अडथळा. धाव मंजूर, सामना संपला. हरलेल्या पोरी रडायला लागल्या, तसे आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, मी चेंडू उचलीसन दिधा. त्यामा मना काय गुन्हा शे?"

म्हटलं, "आबा, गुन्हा नाही. तुम्ही मदत केलीत. पण या खेळात बाहेरच्यानं केलेल्या मदतीला अडथळा म्हणतात."

"बठ्ठा लोक मनाकडेच देखी राहिनात!" आबा कळवळून म्हणाले. सगळे खरंच त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मंग मी बठी रहातू तं चांगलं व्हतं?"

"हो आबा. बसून राहिला असतात तर बरं झालं असतं."

ते मान हलवत गेले. मला गंमत वाटली. त्यानंतर कितीतरी शिबिरांत मी हा किस्सा सांगून पोरांना हसवलं. मध्ये पडू नये, कुणाचं भलं करायलासुद्धा पडू नये, हा धडा मी त्यातून काढला होता. धडा चुकीचा नव्हता, फक्त मी तो मैदानाबाहेरही पाळत राहिलो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत जळगावला मुलींचं पाच दिवसांचं शिबिर घेतलं. बोदवडच्या शाळेची शकुंतला मला तिथे पहिल्यांदा दिसली. अकरावीतली, उंचीनं बेताची, हाताचे पंजे मोठे. कॅचरची जागा कुणी घेईना, कारण सतत उकिडवं बसायचं आणि तोंडावर तारेची जाळी बांधायची. ही म्हणाली, "मी बसते सर. निंदायला जाते तेव्हा दिवसभर बसलेलीच असते." बसली ती बसलीच. चेंडू कसाही येवो, तिच्या मोज्यात शिरायचा. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सर, ड्रिलची बाई व्हायचं तर काय करावं लागतं?" मी सांगितलं की त्याचं कॉलेज असतं, जागा थोड्या असतात, पण राज्याला खेळल्याचं प्रमाणपत्र असलं की लवकर जागा मिळते. सांगून मी विसरलो. ती विसरली नाही.

शेवटच्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला आले. त्यांना सगळे नाना म्हणत. बोदवडजवळच्या एका खेड्यात चार-पाच एकर कोरडवाहू, पांढरी टोपी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. तिच्या शाळेच्या बाई मला आधीच म्हणाल्या होत्या की बांधाचं भांडण झालं तर दोन्हीकडचे लोक यांनाच साक्षीला नेतात; खोटं बोलणाऱ्याच्या घरचं पाणी हा माणूस पीत नाही. नाना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, हे राज्याचा कागद म्हंजे काय असते? पोरीनं दोन रोजापासून डोकं खाल्लं माह्यं."

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आनू दे तिले कागद. मंग मी आडवा येनार नाही. आमच्या घरातली एकबी पोर गाव सोडून शिकाले गेली नाही. पन बोललो म्हंजे बोललो."

शकुंतलाचा चेहरा मला अजून दिसतो. तिला हसायचं होतं, पण वडिलांसमोर हसवत नव्हतं.

आणि त्याच दिवशी मी ती चूक केली. त्या वर्षी सामने संपले की पंचांशी भांडणं फार व्हायची. पालक धावून यायचे, मास्तर मास्तरांच्या अंगावर जायचे. मी ठरवलं होतं की निदान पोरींना तरी शिस्त लावायची. शेवटचे दोन तास मी एकच गोष्ट घोकून घेतली. सामना संपला की मोजे खाली टाकायचे, धावत येऊन पंचासमोर रांगेत उभं राहायचं, एकेकीनं नमस्कार करायचा, कॅचरनं चेंडू पंचाच्या हातात द्यायचा. आधी नमस्कार, मग काय ते बोलणं. दहा वेळा करून घेतलं. संपलं तेव्हा शकुंतला वही घेऊन आली. "सर, फळ्यावर तुम्ही धडे लिहिले होते, त्यातला अपीलचा राहिला."

माझी धुळ्याची एस. टी. सुटायची वेळ झाली होती. म्हटलं, "तो पुढच्या वर्षी. तुमच्या सामन्यांत एवढं लागत नाही." आणि पिशवी उचलून निघालो.

जिल्ह्याचा अंतिम सामना महिन्यानं जळगावलाच झाला. बोदवड आणि वरणगाव. जिंकेल तो संघ राज्याला जाणार होता. दोन्ही गावांना परका म्हणून मला धुळ्याहून बोलावलं होतं. पोटरीपर्यंत धूळ उडवणारा वारा होता, उन्हात ऊब होती आणि सावलीत काकडायला होत होतं. नाना आले होते. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं मोठं गाठोडं त्यांनी आणलं होतं आणि मैदानाच्या कडेला दोन्ही संघांच्या पोरींना ओंजळ ओंजळ वाटत होते.

पंच आणि कॅचर यांचं नातं बाहेरून कळत नाही. दोन तास मी तिच्या पाठीशी हातभर अंतरावर असतो. तिचा श्वास मला ऐकू येतो. पिचरला ती पुटपुटत धीर देते तो मला ऐकू येतो. जे ती बघते तेच, त्याच जागेवरून, मी बघतो. मैदानावर दुसऱ्या कुणालाच ते तसं दिसत नाही. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग आली तेव्हा गुण चार-चार होते. वरणगावची पाळी, दोन आऊट, एक मुलगी तिसऱ्या बेसवर, प्लेटपासून एकच टप्पा दूर. शकुंतला जाळीआडून म्हणत होती, "खाली टाक, खाली टाक, मी आहे."

चेंडू डावीकडे उडाला आणि तिथल्या पोरीच्या पुढ्यात पडला. तिनं जिवाच्या करारानं फेकला. तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत सुटली. चेंडू आणि ती एकदमच आली. शकुंतलानं चेंडू घेतला, वळून मोजा पुढे केला. त्या मुलीनं अंग चोरलं, मोजा चुकवला आणि उडी मारून पलीकडे गेली. तिचा डावा पाय फळीच्या पलीकडे, चार बोटं अंतरावर, मातीत पडला. फळी मी नुकतीच झाडली होती. तिच्यावर कण नव्हता.

स्पर्श झाला नाही, प्लेटही लागली नाही. अशा वेळी पंचानं आऊटही म्हणायचं नाही आणि सेफही म्हणायचं नाही, हात खाली ठेवून उभं राहायचं, असं मी शिकलो होतो. मी उभा राहिलो. वरणगावच्या पोरी नाचत मैदानात शिरल्या. फटाक्यांची माळ कुणीतरी आधीच आणून ठेवली होती. शकुंतला फळीपासून दोन पावलांवर चेंडू हातात घेऊन उभी होती आणि माझ्या हातांकडे बघत होती. दोन पावलं टाकून ती फळीवर उभी राहिली असती, एक शब्द बोलली असती, तर धाव रद्द, तिसरी आऊट म्हणून पाळी संपली, आणि बरोबरी कायम म्हणून आठवी इनिंग. मी मनात म्हणत होतो, बोल. बोल गं बाई. ब्रश काढून मी पुन्हा फळी झाडली. झाडण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. वेळ काढण्याचा तेवढाच एक मार्ग मला नियमात सापडला.

मग शिकवलेलं सगळं झालं. बोदवडच्या पोरींनी डोळे पुसत मोजे जिथल्या तिथे टाकले आणि धावत येऊन, रेघ ओलांडून, माझ्यासमोर रांग केली. डाव्या बाजूची पोर तेवढी लांब मातीत बसून रडत राहिली, पण ती चौकोनाबाहेर लांब उभी राहणाऱ्यांतली, तिचं असणं नियमात धरत नाहीत. एकेक जण वाकून गेली. शेवटी शकुंतला आली. वाकली. चेंडू माझ्या तळहातावर ठेवला. आणि सरळ उभी राहून म्हणाली, "सर, ती प्लेटला लागली नव्हती."

आधी नमस्कार, मग बोलणं. माझंच शिकवणं होतं.

मी म्हणालो, "मैदान सोडल्यावर अपील चालत नाही."

"पण सर, लागली नव्हती ना?"

"सामना संपला आहे," मी म्हणालो, आणि गुण लिहिणाऱ्यांकडे बघून, धाव धरा, अशी मान हलवली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वरातीमागून घोडं!" आणि लोक हसले.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो. नियम होता, तो मी पाळला. माझा अपराध पुढे आहे. पाचएक मिनिटांनी मी मैदान आखायची टेप गुंडाळत होतो तेव्हा नाना आले, मागे शकुंतला. गाठोडं रिकामं होऊन त्यांच्या खांद्यावर आलं होतं.

"सर, पोरगी म्हन्ते का ते लागलीच नोती. खरं हाये का?"

माझ्या आसपास दोन्ही गावची माणसं उभी होती. लागली नव्हती म्हटलं असतं तर बोदवडचे लोक म्हणाले असते, मग धाव कशी दिली? गलका झाला असता. मी घाबरलो, हे आज कबूल करतो. आणि घाबरल्यापेक्षा वाईट म्हणजे मला माझ्या गप्प राहण्याचा अभिमानही होता. मी म्हणालो, "नाना, अपील वेळेत आलं नाही. आता त्यावर मला काही बोलता येत नाही."

"म्हंजे लागली व्हती."

"तसं मी म्हटलं नाही."

"तुमी काहीच म्हनत नाही, सर." खरं बोलणाऱ्या माणसाला वाटतं की ज्याला खरं ठाऊक आहे तो ते सांगेलच. मी सांगितलं नाही, म्हणजे सांगण्यासारखं नसणार, असा हिशेब त्यांनी केला असावा. ते पोरीकडे वळले. आवाज चढवला नाही. "हारनं चालते, बाई. खोटं नाही चालत."

शकुंतलानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून टेपचा गुंता सोडवायला लागलो. गुंता नव्हता.

पुढे कधीतरी तिच्या बाई भेटल्या तेव्हा कळलं की ती कॉलेजला गेली नाही, घरीच आहे. मग लग्न झालं, भुसावळला दिली. मी हळहळलो. हरली, कागद मिळाला नाही, नानांनी शब्द पाळला, असं मी धरून चाललो. पुढची पंचवीस वर्षं मी गावोगाव पंच म्हणून फिरलो. बसच्या खिडकीत थंडगार लोखंडाला कपाळ टेकून झोपलो, कँटीनचा बेचव चहा प्यायलो, किती सामन्यांचे निकाल दिले याची गणती नाही. लोक म्हणायचे, सर फार कडक. मला ते कौतुक वाटायचं. आता त्या सगळ्याचा नुसता शीण आठवतो. माणूस न बोलूनसुद्धा इतका थकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

यंदा शेवटी गेलो त्या शिबिराला. चाळीस-एक तरुण मुलं-मुली, अंगात एकसारखे टी-शर्ट, प्रत्येकाच्या हातात मराठीत छापलेले नियम. मी बोललो. आबांचा किस्सा सांगितला, मुलं हसली. एका मुलीनं उठून विचारलं, "सर, सामना संपल्यावर अपील कधीपर्यंत चालतं?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं. तिनं लिहून घेतलं. टाळ्या झाल्या, नारळ दिला, शाल दिली.

दुपारी जळगावच्या एस. टी. स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. समोर एक बाई आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या ठेवायला त्या खाली बसल्या त्या बाकावर न टेकता उकिडव्या, टाचा जमिनीला लावून. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "शकुंतला?"

"सर!" केस पांढरे व्हायला लागलेले, अंगानं भरलेली, पण पंजे तेच. भुसावळला परत निघाली होती. चौकशा झाल्या, मुलांची शिक्षणं झाली, माझे गुडघे झाले. मग ती हसत म्हणाली, "आमच्या घरात तुमच्या त्या सामन्याची रोज आठवण निघते, माहीत आहे?"

मला बरं वाटलं. म्हटलं, "ती कशी?"

"अहो, मी काहीही सांगितलं, दूध उतू गेलं नाही, नासलंच होतं म्हटलं, किल्ली मी ठेवली नाही म्हटलं, की सगळे एका सुरात, 'हो हो, आणि ती प्लेटला लागलीच नव्हती!' माझ्या भावानं सुरू केलं. मग सासरी आलं ते. आता माझी मुलंसुद्धा म्हणतात. त्यांना प्लेट म्हणजे जेवायची वाटते." ती खरोखर हसत होती. इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली होती.

मी म्हणालो, "शकुंतला, ती लागली नव्हती."

तिला वाटलं, मीही तीच थट्टा करतोय. म्हणून पुन्हा सांगितलं. "डावा पाय. चार बोटं पलीकडे पडला. मी पाहिलं होतं."

ती हसायची थांबली. "तेव्हाच?"

"तेव्हाच."

ती पिशवीचा बंद नीट करत राहिली. मग हळू म्हणाली, "धूळ फार होती ना सर. मला पुढे पुढे वाटायला लागलं, मलाच तसं दिसलं असेल. कधी वाटायचं, हरल्याच्या रागात मी खोटंच बोलले असेन. नाना हरण्याला काही म्हणाले नव्हते हो. सामना संपल्यावर म्हणाले होते, पुढच्या वर्षी परत खेळ, आण कागद. पण तुम्हाला विचारून आल्यावर म्हणाले, जी पोर खोटं बोलते तिला परगावी एकटी कशी ठेवू? तिथे संपलं."

म्हटलं, "मी बोदवडला येतो. उद्याच येतो. नानांना सांगतो."

"नाना गेल्या कार्तिकात गेले, सर."

भुसावळची गाडी लागली. तिनं पिशव्या उचलल्या. रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर मी ते ऐकून घेतले असते. गाडीत चढून ती खिडकीशी बसली आणि मी खाली उभा राहिलो. म्हटलं, "निदान मुलांना सांग. भावाला सांग. म्हणावं, पंच स्वतः म्हणाला."

ती म्हणाली, "सांगेन. पण ते काय म्हणतील तुम्हाला माहीत आहे."

गाडी गेली. मला माहीत होतं. म्हणून घरी आल्यावर शाल-नारळ कोपऱ्यात ठेवून हे लिहायला बसलो. तिच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही अशी तजवीज मी त्या दुपारी करून ठेवली आहे, तेव्हा ते माझ्याच हातचं असलं पाहिजे. ज्यांच्यासाठी ते लिहायला हवं होतं ते आता वाचणार नाहीत. तरी लिहितो. जळगावच्या त्या सामन्यात सातव्या इनिंगच्या शेवटच्या चेंडूवर धावणारी मुलगी प्लेटला लागली नव्हती. शकुंतला खरं बोलत होती, आणि मी तिथे उभा होतो.